सातव्या महिन्याचा पगार

पगारपत्रक बनवणाऱ्याला माणसं आधी रकान्यांतून भेटतात. नाव, हजेरी, रजा, कपात, हातात पडणारी रक्कम. मी हे काम पुष्कळ वर्षं केलं. एखाद्याच्या घरी काय चाललंय याचा अंदाज त्यानं घेतलेल्या उचलीवरून बांधायची सवयच लागली होती. एका वर्षी त्या पत्रकाला उजवीकडे एक नवा रकाना जोडावा लागला. त्याचं नाव मीच ठेवलं, ‘अनुदान, कधीपर्यंत’. दोन नावांपुढे त्यात एकच तारीख होती. बाकी रकाना वरपासून खालपर्यंत मोकळा.

योजना सरकारची होती. बेकार माणसाला कामावर घ्या, पहिले सहा महिने त्याच्या पगाराचा मोठा हिस्सा आम्ही भरू, असा तिचा सरळ अर्थ. मालकांवर त्या दोघांचा भार जवळजवळ पडणारच नव्हता, आणि त्या दोघांच्या हाताला काम मिळालं होतं. यात कुणाचं काही जात नाही, असं तेव्हा मलाही वाटलं.

त्यातले एक गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे. आधीची कंपनी बंद पडली, मग घरात आजारपण निघालं, आणि बघता बघता अडीच वर्षं गेली. दुसरी एक मुलगी. शिक्षण संपून वर्ष उलटलेलं, पहिलीच नोकरी.

फायली लावताना मला त्या गृहस्थांचा जुना बायोडाटा सापडला. म्हणजे ते आमच्याकडे पूर्वी येऊन गेले होते, आणि कुणीतरी तो अर्ज बाजूला टाकला होता. शेवटच्या नोकरीच्या तारखेखाली जी कोरी जागा होती तिच्याभोवती पेन्सिलीनं एक गोल काढलेला होता आणि शेजारी प्रश्नचिन्ह. त्याच पानावर वीस वर्षांचं काम लिहिलेलं होतं. माल उतरवून घेणं, साठ्याच्या नोंदी, वाहतूकदारांशी रोजची बोलणी. त्यातल्या एकाही ओळीखाली रेघ नव्हती. वाचणाऱ्याची नजर कोऱ्या जागेवर अडकली होती.

पुढे या विषयावर जे हाती लागेल ते मी वाचत गेले, त्याचं कारण तो पेन्सिलीचा गोल. क्रोफ्ट, लांगे आणि नोतोविदिग्दो या तीन अर्थशास्त्रज्ञांचा 2013 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या शंभर मोठ्या शहरी भागांतल्या जाहिरातींना त्यांनी काल्पनिक उमेदवारांचे सुमारे 12 हजार बायोडाटा पाठवले. किती महिने बेकार, हा आकडा तेवढा बदलत ठेवला आणि बोलावणी मोजली. पहिल्या आठ महिन्यांत बोलावणं येण्याचं प्रमाण झपाट्यानं घसरत गेलं. आणखी एक गोष्ट त्यात दिसली, जी मला फार खरी वाटते. जिथे एकूण बेकारी जास्त होती तिथे ही घसरण सौम्य होती. आजूबाजूला सगळ्यांचीच कामं गेलेली असली की एकट्यावर संशय येत नाही. पण सगळ्यांना काम मिळतंय आणि हाच राहिलाय, असं दिसलं की याच्यातच काहीतरी असणार, असं लोक धरून चालतात. आठ महिने मोजताना मला त्या गृहस्थांची अडीच वर्षं आठवत होती.

वेतन-अनुदानाची कल्पना नेमकी या संशयावर बोट ठेवते. मालक म्हणतो, हा माणूस कामाला कसा आहे मला ठाऊक नाही. सरकार म्हणतं, ठाऊक होईपर्यंतचा खर्च माझा. कल्पना जुनी आहे. महामंदीच्या दशकात, 1936 साली, निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञानं बेरोजगारीवरचा उपाय म्हणून वेतन-अनुदानाची सविस्तर मांडणी केली होती. तेव्हापासून कितीतरी देशांनी ती आपापल्या परीनं वापरून पाहिली. कुणी मालकाला रोख दिली, कुणी करात सूट दिली, कुणी उमेदवाराच्याच हातात कागद दिला की हा घेऊन जा आणि काम शोध.

त्या कागदाच्या दोन हकिकती मला कधी विसरता येत नाहीत. पहिली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरातली. 1980 च्या डिसेंबरमध्ये तिथे सरकारी मदतीवर जगणाऱ्या लोकांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना हमीपत्र दिलं गेलं, की याला कामावर घेणाऱ्याला पहिल्या वर्षी पगाराचा निम्मा भाग परत मिळेल. काहींना काहीच दिलं नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बर्टलेस यांनी पुढे 1985 साली त्याचे निष्कर्ष मांडले. हमीपत्र नसलेल्यांपैकी जवळपास 21 टक्क्यांना काम मिळालं. हमीपत्र हातात असलेल्यांपैकी सुमारे 13 टक्क्यांना. म्हणजे ज्यांना घेणं मालकाला स्वस्त पडणार होतं त्यांनाच दारातून जास्त वेळा परत पाठवलं गेलं. बर्टलेस यांनी याचा अर्थ असा लावला की तो कागद शिक्क्यासारखा काम करत होता. सरकारला याच्यासाठी पैसे मोजावे लागतायत, मग याच्यात काय खोट आहे? पेन्सिलीचा गोल आता छापील झाला होता, आणि तो ज्याचा त्यानंच स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवायचा होता.

दुसरी हकिकत दक्षिण आफ्रिकेतली, तीस वर्षांनंतरची. तिथे विशीतल्या सुमारे चार हजार तरुणांवर असाच प्रयोग झाला. निम्म्यांना कागद, निम्म्यांना नाही. वर्षभरानंतर पाहिलं तर कागद मिळालेल्यांमध्ये कामावर असलेल्यांचं प्रमाण जास्त होतं, आणि दोन वर्षांनंतरही ते जास्तच होतं. गंमत अशी की मालकांपैकी अगदी थोड्यांनी ते पैसे मागितले. मग फरक पडला कशानं? अभ्यासकांचा कयास असा की फरक त्या मुलांमध्ये पडला. खिशात काहीतरी आहे या भरवशावर ती जास्त दारं ठोठावायला गेली. मला हे पटतं. रिकाम्या हातानं उभं राहणं आणि हातात काहीतरी घेऊन उभं राहणं यात पाठीचा कणा बदलतो, हे ज्यानं मुलाखतीसाठी बाकावर वाट पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही. त्या देशानं पुढे 1 जानेवारी 2014 पासून 18 ते 29 वयाच्या तरुणांना घेणाऱ्या मालकांसाठी करसवलत सुरू केली.

आमच्याकडे कागद मालकांच्या टेबलावर होता, त्यामुळे दारातून परत जाण्याची वेळ त्या दोघांवर आली नाही. पुढचं मात्र आमच्या हातात होतं.

बिलं करायला एक माणूस आम्हाला हवाच होता. ती मुलगी योजना नसती तरी आली असती, तीच नाही तर तिच्यासारखी दुसरी कुणीतरी. या विषयाचे अभ्यासक सगळ्यात आधी हेच विचारतात, की पैसे दिले नसते तरी ही नेमणूक झाली असती का? झाली असती तर तो पैसा वायाच. त्या हिशेबानं तिच्यावरचं अनुदान वाया गेलं आणि गृहस्थांवरचं सार्थकी लागलं, कारण अनुदान नसतं तर त्यांना आम्ही घेतलंच नसतं. पुराव्याचा कागद तर माझ्याच फायलीत होता. आता शेवट सांगते. सातव्या महिन्यात ती मुलगी आमच्याकडे राहिली आणि त्या गृहस्थांची नोकरी गेली.

असं का झालं, याचा विचार मी आजवर करते आहे.

तिला पहिल्या दिवशी आमच्या जुन्या बिलिंग क्लार्कशेजारी खुर्ची मिळाली. तो कटकट्या माणूस होता, पण शिकवायचा. चुकलेलं बिल फाडायचा नाही. तिच्यापुढे ठेवून म्हणायचा, कुठे चुकलं ते तूच शोध. तिसऱ्या महिन्यात निम्मी बिलं तिच्या हातची होती. पाचव्या महिन्यात तो लांब रजेवर गेला आणि कुणाला फरक जाणवला नाही.

गृहस्थांना कुणाशेजारी बसवावं हे ठरलंच नव्हतं. गोदामात एक जुना माणूस होता, त्याला आपल्या जागेत दुसरं कुणी नको होतं. ते थोडा वेळ तिथे, थोडा वेळ ऑफिसात, टपाल द्यायला, कुणाच्या बदली फोनवर. दुसऱ्या महिन्यात एकदा ते माझ्याकडे आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, माझं टेबल कुठलं समजायचं?”

“बसा ना काका, कुठेही बसा,” मी म्हणाले.

मी हे आपुलकीनं म्हटलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि ते खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसले, जिथे आम्ही जुन्या फायलींचे गठ्ठे ठेवायचो. त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला चार महिन्यांनी कळला.

दर महिनाअखेरीला अनुदानाचा दावा पाठवायचा असे. हजेरी, दिलेला पगार, बँकेचा दाखला. शेवटी एक चौकट होती, ‘या महिन्यात दिलेले प्रशिक्षण’. पहिल्या महिन्यात मी तिथे लिहिलं, ‘कामाची ओळख व मार्गदर्शन’. दुसऱ्या महिन्यात तेच उचलून चिकटवलं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्याही महिन्यात तेच. दोघांसाठी एकच ओळ. दावा एकदाही परत आला नाही. कुणी फोन करून विचारलं नाही, की सहा महिने ओळखच चालली आहे का? मी खोटं लिहीत होते असं मला तेव्हा वाटलं नाही. चौकट भरायची असते, एवढंच वाटलं. आज मात्र त्या संपूर्ण योजनेतली सगळ्यात मोलाची जागा तीच होती, असं माझं ठाम मत आहे, आणि ती मी सहा वेळा वाया घालवली.

सहाव्या महिन्याच्या शेवटी मालकांनी विचारलं, “पुढच्या महिन्यापासून दोघांचे मिळून किती वाढतील?” आकडा माझ्याकडे तयार होता.

“तिला तर ठेवावंच लागेल, बिलं कोण करणार? पण त्यांच्याकडे नेमकं काम काय आहे?”

मी सांगायला लागले. टपाल, गोदामातली मोजणी, फायली, फोन. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मी इतरांच्या कामांचे उरलेले तुकडे मोजते आहे. वीस वर्षं साठा सांभाळलेल्या माणसाला आम्ही सहा महिन्यांत साठ्याची एक वही दिली नव्हती. मालक वाईट नव्हते, हे मला आवर्जून लिहायचं आहे. उधारी थकलेली असताना सगळ्यांचे पगार वेळेवर करणारे होते ते. ज्याचं काम सांगता येत नाही त्याचा पूर्ण पगार खिशातून देणं त्यांना जमणार नव्हतं. नेमकं काम काय, हा प्रश्न त्यांनी सहाव्या महिन्यात विचारला आणि मी तो पहिल्या दिवशीही विचारला नव्हता.

गृहस्थ शेवटच्या दिवशी आले तेव्हा रागावलेले नव्हते. एवढंच म्हणाले, “अनुभवाचा दाखला मिळेल ना? तेवढीच गॅप कमी दिसेल.” मी दाखला लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीवर थांबले. पदनाम काय लिहायचं? पगारपत्रकात त्यांच्या नावापुढे ती जागा सहा महिने कोरी होती आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. शेवटी ‘सहायक, साठा व नोंदी’ असं लिहिलं. त्यातला सहायक खरा होता. बाकीचं, आम्ही त्यांना जे द्यायला हवं होतं ते.

जॉर्डनमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष वाचताना मला तो दाखला डोळ्यांसमोर दिसत होता. 2010 मध्ये तिथे नुकतंच शिक्षण पूर्ण केलेल्या मुलींना अनुदानाचे कागद दिले गेले. महिन्याला 150 दिनार, म्हणजे तेव्हाच्या किमान वेतनाइतके, आणि तेही सहा महिने. कागद चालू असेपर्यंत नोकरी करणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांच्या फरकानं वर गेलं. मुदत संपून काही महिने झाल्यावर मोजलं तर तो फरक जवळपास पुसला गेला होता. असे आकडे पाहून लोक म्हणतात, बघा, अनुदानं फोल असतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. त्या सहा महिन्यांत त्या मुलींना कुणाशेजारी बसवलं होतं, हे मला विचारावंसं वाटतं. तो रकाना अहवालात सहसा नसतोच.

उलट बाजूचेही दाखले आहेत. डेव्हिड कार्ड, योखेन क्लूव्ह आणि आंद्रेया वेबर या अर्थशास्त्रज्ञांनी जगभरातल्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सरकारनं स्वतः तात्पुरती कामं निर्माण करण्यापेक्षा खासगी नोकरीला दिलेलं अनुदान जास्त उपयोगी ठरतं, आणि अशा उपायांचा लाभ दीर्घकाळ बेकार असलेल्यांना अधिक होतो, असं त्यातून दिसतं. फ्रान्सनं 2008 च्या डिसेंबरमध्ये, ऐन मंदीत, दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनांना कमी पगाराच्या नव्या नेमणुकांवरची मालकाच्या वाट्याची सामाजिक सुरक्षेची वर्गणी माफ केली. त्यातून नेमणुका खरोखर वाढल्याचं पुढच्या अभ्यासात आढळलं. छोट्या मालकाला एका माणसाचा पगार हा केवढा मोठा निर्णय असतो, हे मी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे याचं मला नवल वाटलं नाही.

पण नियम काय मोजतो, तेच माणसं करतात. अमेरिकेत अशा नेमणुका करणाऱ्या मालकांसाठी 1996 साली एक करसवलत सुरू झाली. कामगारानं किमान 120 तास काम केलं की ती लागू व्हायची, आणि 400 तास भरले की पूर्ण दरानं मिळायची. तास मोजणं सोपं, म्हणून तास मोजले गेले. चारशे तास म्हणजे पूर्णवेळ काम धरलं तर दहा आठवडे. त्यानंतर त्या माणसाचं काय, हे त्या नियमाला विचारायचंच नव्हतं.

जर्मनीतले नियम वाचताना मात्र मी खुर्चीत सावरून बसले. तिथे अनुदान घेणाऱ्या मालकावर साधारणपणे अशी अट असते, की जितके महिने अनुदान घेतलं तितकाच काळ पुढेही त्या माणसाला ठेवायचं. कामगाराचा दोष नसताना आधीच काढलं तर घेतलेल्या पैशांतला काही भाग परत करायचा. काही अपवाद आहेत, पण मूळ नियम हा. आणि 2019 पासून तिथे आणखी एक तरतूद आली. किमान दोन वर्षं बेकार असलेल्या माणसासाठी पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 टक्के. त्याहूनही दीर्घकाळ कामाबाहेर राहिलेल्यांसाठी पाच वर्षांपर्यंत मदत, पहिली दोन वर्षं किमान वेतनाइतकी पूर्ण, मग हळूहळू कमी होत जाणारी. या दोन्हींत कामगारासोबत एक मार्गदर्शक दिला जातो. तो नेमणुकीनंतरही येत राहतो, घरची अडचण असो की कामावरची, बोलून वाट काढायला मदत करतो.

तो मार्गदर्शक आमच्याकडे आला असता तर काय झालं असतं, हे चित्र मी कितीदा तरी रंगवलं आहे. तो खिडकीजवळच्या स्टुलापाशी थांबला असता. गोदामातल्या जुन्या माणसाशी त्यानं दोन शब्द बोलून पाहिले असते. निदान दुसऱ्या महिन्यात माझ्यासमोर तो फॉर्म ठेवून म्हणाला असता, अहो ताई, मागच्या महिन्यातही हेच लिहिलं होतं तुम्ही.

ब्रिटननं 2020 साली कोविडच्या काळात 16 ते 24 वयाच्या बेकार तरुणांसाठी योजना काढली. आठवड्याला 25 तास, सहा महिने, किमान वेतन सरकारचं. त्याशिवाय मालकाला प्रत्येक मुलामागे 1,500 पौंड वेगळे दिले, बसायची सोय करायला, शिकवायला आणि पुढच्या नोकरीची तयारी करून घ्यायला. अडीच लाख जागांचं लक्ष्य होतं, प्रत्यक्षात सुमारे 1 लाख 63 हजार तरुण कामावर रुजू झाले. लक्ष्य हुकलं म्हणून टीका झाली. मला त्या 1,500 पौंडांचं महत्त्व वाटतं. बसायची जागा आणि शिकवणाऱ्याचा वेळ यांना किंमत असते, हे तिथे कुणीतरी कागदावर मान्य केलं होतं. जो जुना क्लार्क त्या मुलीला शिकवत होता, त्याची स्वतःची बिलं रोज तासभर मागे पडत होती. तो तास कोणाच्याच हिशेबात धरलेला नव्हता. त्यानं तो स्वतःच्या मनानं दिला, म्हणून ती टिकली.

ती नोकरी मी सोडली त्याला आता बरीच वर्षं झाली. सध्या जिथे आहे तिथेही अशाच एका योजनेतून मध्यंतरी एक बाई आल्या. मुलांच्या पाठी नऊ वर्षं घरी होत्या. त्या रुजू व्हायच्या आधीच मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं, “सहा महिन्यांनी या एक दिवस आल्या नाहीत तर काय अडलं पाहिजे?” साहेबांना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. मग आम्ही दोघांनी मिळून एक काम ठरवलं. पुरवठादारांच्या तक्रारी आणि परत आलेल्या मालाचा पाठपुरावा. हे काम तोवर सगळ्यांचं होतं, म्हणजे कुणाचंच नव्हतं. त्यांना टेबल दिलं, टेबलावर फोन दिला, आणि पगारपत्रकात पदनाम पहिल्या दिवशी भरलं.

महिन्याच्या फॉर्ममधली चौकट मी आता त्यांनाच विचारून भरते. पहिल्या महिन्यात लिहिलं होतं, ‘परत आलेल्या मालाची नोंद संगणकावर कशी करायची ते शिकल्या, तारखा अजून चुकतात.’ दुसऱ्या महिन्यात, ‘तारखा चुकत नाहीत. रागावलेल्या माणसाशी फोनवर बोलताना घाबरतात.’ चौथ्या महिन्याच्या चौकटीत जागा पुरली नाही, मागे वेगळा कागद जोडला.

पाचव्या महिन्यात त्यांनी एक दिवस रजा घेतली, मुलाच्या शाळेत काहीतरी होतं. सकाळी त्यांच्या टेबलावरचा फोन वाजत राहिला, शेवटी मी उठून घेतला. पलीकडचा माणूस माझा आवाज ऐकून क्षणभर थांबला आणि म्हणाला, “त्या नाहीत का आज? मग राहू द्या, मी उद्याच करतो. त्यांना माहीत आहे सगळं.”